‘आपल्यात’ आणि ‘तुमच्यात’ : शाळेतल्या धर्माविषयी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत केली. म्हणून मीही आज वर्गातलीच गोष्ट घेऊन आले आहे. ती माझ्या एका चुकीची आहे.

१९८३ साली मी रायगड जिल्ह्यात, समुद्रकाठच्या एका गावातल्या शाळेत रुजू झाले. पुढच्या वर्षी मोहरमची सुट्टी आली. आदल्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी रंगीत खडूने फळ्यावर लिहिलं, ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’. दिवाळीला लिहीत असे, ईदला लिहीत असे, तसंच. मधल्या सुट्टीत पाचवीतली एक मुलगी टेबलापाशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाई, मोहरमला शुभेच्छा देत नाहीत. माझी नानी रडते त्या दिवशी.”

मी लगेच फळा पुसला. इथवर ठीक होतं. पण मधली सुट्टी संपल्यावर, चूक सुधारण्याच्या उत्साहात, मी तिला उभं केलं आणि म्हटलं, “तुमच्यात मोहरमला काय काय करतात ते सगळ्यांना सांग बरं.” चाळीस माना तिच्याकडे वळल्या. तिने पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडायला सुरुवात केली, ती मी ‘बस’ म्हणेपर्यंत. नंतरची दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती. गणितात हात वर करायची, कवितेला करायची. सणावाराचा विषय निघाला की तिची मान खाली जायची.

इ. स. ६८० मध्ये करबला इथे प्रेषितांचे नातू हुसेन मारले गेले, त्या शोकाचा हा दिवस, हे मला ठाऊक नव्हतं. ते अज्ञान मी पुढे भरून काढलं. दुसरी चूक मात्र अज्ञानाची नव्हती. ‘तुमच्यात’ या एका शब्दाने मी त्या मुलीला वर्गाबाहेर काढलं होतं. मराठीत ‘आपल्यात’ आणि ‘तुमच्यात’ हे दोन शब्द आपण दिवसभर वापरतो, आपल्यात असं चालत नाही, तुमच्यात काय पद्धत आहे, आणि त्यांना धार असते हे आपल्या ध्यानातही येत नाही. शिक्षकाने वर्गात ‘आपल्यात’ म्हटलं की त्यात कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं, हे प्रत्येक मुलाला त्याच क्षणी कळतं.

माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत मी पाठ टाचण काढायला शिकले, फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकले, तक्ते रंगवले, गाणी बसवली. निरनिराळ्या धर्मांची मुलं समोर असताना धर्माविषयी कसं बोलायचं, यावर एकही तास झाला नाही. पुढे अध्यापक विद्यालयात मी स्वतः बावीस वर्षं शिकवलं. तिथेही अभ्यासक्रमात हा तास नव्हता, आणि मी आपल्यापुरता थोडा सराव घ्यायला लागेपर्यंत माझ्या हाताखालून शेकडो शिक्षक त्याविनाच बाहेर पडले. म्हणून आज जे मागणार आहे ते मी स्वतःचंही देणं समजते.

शाळेत धर्म असावा की नसावा, हा वाद आपण पंचाहत्तर वर्षं घातला. त्याचा निकाल राज्यघटनेने बराचसा आधीच लावून ठेवला आहे. अनुच्छेद २८ सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. ज्या शाळांना सरकारी मान्यता किंवा अनुदान आहे, तिथे धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हे कलम मसुद्यात अनुच्छेद २२ होतं आणि डिसेंबर १९४८ मध्ये त्यावर संविधान सभेत चर्चा झाली. बंगालचे पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारलं की सरकारी संस्कृत महाविद्यालयात वेद, स्मृती, गीता शिकवतात, मग ते बंद करायचं काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उत्तर प्रत्येक शिक्षकाने वाचावं असं आहे. धार्मिक शिक्षण म्हणजे अमुक गोष्टीवर श्रद्धा ठेवा असं सांगणं, आणि धर्माचा अभ्यास ही त्याहून अगदी निराळी गोष्ट, असा फरक त्यांनी इस्लामचं उदाहरण देऊन स्पष्ट केला. एक देव माना, पैगंबर अखेरचे प्रेषित आहेत असं माना, ही झाली शिकवण. इस्लामचा अभ्यास करणं हे वेगळं, आणि त्याला घटनेची आडकाठी नाही.

त्याच चर्चेत बाबासाहेबांनी दुसरंही काही सांगितलं, आणि ते कडू आहे. या देशातले धर्म एकमेकांशी वागताना समाजाला जोडत नाहीत, उलट तोडतात, कारण प्रत्येकाला वाटतं की मोक्षाचा रस्ता फक्त माझा. असे दावे एका वर्गात आणून शाळेची शांतता बिघडवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. या इशाऱ्यामुळेच मला शिक्षकाच्या तयारीचा आग्रह धरावासा वाटतो.

नंतरचे आयोग आणि समित्या भराभर सांगते, कारण सगळ्यांचा सूर जवळपास एकच आहे. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये महाविद्यालयांसाठी पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, येशू, महंमद, कबीर, नानक अशा थोरांची चरित्रं आणि दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या धर्मग्रंथांतले वेचे सुचवले. १९५९ मध्ये नेमलेल्या धार्मिक आणि नैतिक शिक्षणाच्या समितीचे अध्यक्ष श्रीप्रकाश त्या वेळी मुंबई राज्याचे राज्यपाल होते आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये ‘धर्माचं शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचं शिक्षण’ असा भेद केला आणि दुसरं शाळेपासून पदवीपर्यंत सर्वांना द्यावं, असं म्हटलं. १९९९ मध्ये आपल्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मूल्यशिक्षणावरच्या अहवालात सर्व धर्मांची मूलतत्त्वं मुलांना समजावीत, असं सांगितलं. पुढे अशा अभ्यासाला जागा देणाऱ्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान दिलं गेलं आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की धर्मांचा अभ्यास अनुच्छेद २८च्या आड येत नाही. अभ्यासाच्या नावाखाली शिकवण दिली जाऊ नये, याची काळजी घ्या, असं बजावलंही.

म्हणजे परवानगी आहे, शिफारशी आहेत, न्यायालयाचा निर्णयही आहे. महाराष्ट्रात मूल्यशिक्षण आलं तेव्हा त्यातल्या दहा मूल्यांत ‘सर्वधर्मसहिष्णुता’ हे एक होतं, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांच्या पंगतीत. नखं कापली आहेत का ते बघता येतं. सहिष्णुता कशी बघायची? शेजारचा काय मानतो हे ज्याला माहीतच नाही, त्याने नेमकं काय सहन करायचं? सुविचार फळ्यावर लिहून ते मूल्य संपायचं. मी हजारो परिपाठ पाहिले आहेत आणि दुसऱ्या धर्माविषयी मुलाच्या मनातला एक गैरसमज त्यातून गेलेला मला आठवत नाही.

इंग्लंडने या प्रश्नाशी आपल्याहून जास्त काळ झटापट केली आहे, म्हणून थोडं त्यांच्याकडे पाहू. तिथे १९४४च्या शिक्षण कायद्याने शाळेत धर्माचा विषय सक्तीचा केला, आणि सगळ्या विषयांत कायद्याने सक्तीचा तेवढा एकच होता. तेव्हा तो ख्रिस्ती धर्माचाच तास होता. नंतर भारत, पाकिस्तान, पूर्व आफ्रिका, वेस्ट इंडीज इथून माणसं आली आणि बर्मिंगहॅमच्या, लेस्टरच्या वर्गांत शीख, मुसलमान, हिंदू मुलं बसू लागली. निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात धर्मांच्या अभ्यासाचा विभाग उभा केला. धर्म बाहेरूनही समजून घेता येतो आणि तरी आदराने समजून घेता येतो, ही त्यांची धारणा शाळांपर्यंत झिरपली. १९७५ मध्ये बर्मिंगहॅमने नवा अभ्यासक्रम केला. त्यात साम्यवादाचाही समावेश होता म्हणून मोठं वादळ उठलं. अखेर १९८८च्या कायद्याने देशातल्या इतर प्रमुख धर्मांची दखल घेणं बंधनकारक केलं.

मला त्यातली एक व्यवस्था फार मोलाची वाटते. प्रत्येक स्थानिक शिक्षण प्रशासनाला या विषयासाठी कायम सल्लागार मंडळ ठेवावं लागतं. त्याला तिथे ‘सॅक्रे’ म्हणतात. त्यात चार गट असतात : चर्च ऑफ इंग्लंड, इतर ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म, शिक्षकांच्या संघटना, आणि स्थानिक प्रशासन. अभ्यासक्रम ठरवायला जी परिषद बसते तिच्यातही हेच चार गट, प्रत्येकाला एक मत, आणि चारही मतं एक झाल्याशिवाय अभ्यासक्रम पुढे जात नाही. दर पाच वर्षांनी तो पुन्हा तपासावा लागतो. म्हणजे मौलवी, पाद्री, मंदिराचे विश्वस्त आणि वर्गातली शिक्षिका एका टेबलाशी बसून ठरवतात की आमच्या गावातल्या नऊ वर्षांच्या मुलाला काय कळलं पाहिजे. पालकाला आपलं मूल त्या तासातून काढून घेण्याचा हक्कही आहे.

तिथेही सगळं सुरळीत नाही. पुष्कळ शाळांत हा तास इतिहासाच्या नाहीतर भूगोलाच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. २०१८ मध्ये एका आयोगाने नावच बदलून ‘धर्म आणि जीवनदृष्टी’ करावं असं सुचवलं, कारण कोणताच धर्म न मानणाऱ्या घरातली मुलं वाढली आहेत आणि त्यांनाही त्या तासात जागा हवी. त्यांचा कायदा उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. तिथे राजसत्तेशी जोडलेलं चर्च आहे, इथे तसं काही नाही, आणि तो फरक मुळातला आहे. मला हवं आहे ते टेबल.

कुणी म्हणेल, हे परकं आहे. मग जोतिबा फुल्यांकडे या. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. त्या घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घेतला, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती धर्म, मुलीने कुराण वाचून इस्लाम, मुलाने सत्यधर्म. आणि चौघांनी कोणी कोणाच्या धर्माचा हेवा न करता एका घरात प्रेमाने नांदावं. चौघांचीही वाट वाचनातून जाते, हे लक्षात घ्या. आधी ग्रंथ, मग निवड. एवढी धीट कल्पना या भाषेत सव्वाशे वर्षांपूर्वी मांडली गेली आहे. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली. विनोबांनी गीतेबरोबर कुराणाचं, बायबलचं, धम्मपदाचं, जपुजीचं सार काढलं. वारकऱ्यांत श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. आपल्या कपाटात पुस्तकं आहेत. ती वर्गात कशी न्यायची हे शिक्षकाला कोणी दाखवलेलं नाही.

आता तयारी म्हणजे नेमकं काय, ते एका वाक्यावर दाखवते. वर्गात शिक्षक सहज म्हणतात, “गौतम बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार आहे.” देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रात राहतात. तेव्हा त्या वर्गात बौद्ध मूल असण्याचा संभव मोठा. त्याच्या घरी भिंतीवर १४ ऑक्टोबर १९५६च्या दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या असतील, आणि त्यातली एक प्रतिज्ञा नेमकी हीच आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. शिक्षक खोटं बोलायला निघालेले नसतात. त्यांच्या घरात तेच सांगितलं गेलेलं असतं. पण ‘आहे’ म्हटल्याबरोबर शाळेने एका मुलाच्या घराला खोटं ठरवलं. वाक्य असं हवं : “वैष्णव परंपरेत बुद्धाला अवतार मानतात. बौद्ध तसं मानत नाहीत.” ‘आहे’च्या जागी ‘मानतात’. प्रशिक्षणात मी विद्यार्थी-शिक्षकांकडून पन्नास वाक्यं अशी बदलून घ्यायचे. ख्रिस्ती मानतात की येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. मुसलमान मानतात की कुराण ही ईश्वराची वाणी आहे. वारकरी मानतात की विठ्ठल पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला. शेवटचं वाक्य म्हणताना पुष्कळांची जीभ अडखळायची, कारण ते त्यांचं स्वतःचं होतं. तिथेच खरा सराव व्हायचा. स्वतःच्या श्रद्धेलाही वर्गात ‘मानतात’ म्हणता आलं, तर ती श्रद्धा कमी होत नाही आणि दुसऱ्याचं मूलही निर्धास्त बसतं.

दुसरी तयारी गावाची. मी ज्या भागात होते तिथे रेवदंडा आणि चौलच्या परिसरात देवळं आहेत, मशिदी आहेत, पलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती आहे, आणि बेने इस्राएल यहुद्यांचं सिनेगॉग आहे. एका वर्षी आम्ही सातवीचा वर्ग घेऊन चालत निघालो. सिनेगॉगमध्ये देखरेख करणाऱ्या काकांनी पश्चिमेच्या भिंतीतलं कपाट उघडून तोराची गुंडाळी दाखवली. वाचताना अक्षराला बोट लावत नाहीत, म्हणून टोकाला इवलासा हात असलेली चांदीची कांडी होती. ती बघायला मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. काकांनी मराठीतच सांगितलं की पूर्वी आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणायचे. तेल गाळणं हा धंदा, आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद. एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करतात त्यात भिजवलेले पोहे आणि ओलं खोबरं असतं, हे ऐकून एक मुलगी म्हणाली, “हे तर आमच्याकडे पण करतात!” त्या वाक्यातलं ‘पण’ मला अजून ऐकू येतं.

परत येताना एका मुलाने विचारलं, “बाई, मशिदीतही पश्चिमेकडे तोंड करतात आणि इथेही. दोघं पश्चिमेलाच का?” मला उत्तर येत नव्हतं. “मलाही माहीत नाही, शोधू,” असं म्हटलं. शाळेत नकाशा काढला. जेरुसलेम आणि मक्का, कोकणातून पाहिलं तर दोन्ही पश्चिमेच्याच अंगाला. पुढे वाचताना कळलं की इस्लामच्या आरंभी नमाजाची दिशाही जेरुसलेमचीच होती, ती मदिनेत असताना मक्केकडे वळली. भूगोलाचा, इतिहासाचा आणि धर्माचा असा एकत्र तास मी पुन्हा कधी घेतला नाही. त्या दिवशी मी कोणालाही एकट्याने उभं करून ‘तुमच्यात’ विचारलं नाही. प्रश्न मुलांनी विचारले आणि उत्तरं जाणत्या मोठ्या माणसाने दिली.

एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे. सगळे धर्म चांगलंच सांगतात, असा गोड पाठ शिकवायचा असेल तर न शिकवलेला बरा. ज्या जिल्ह्यात मी नोकरी केली, त्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह का करावा लागला, आणि त्यासाठी मार का खावा लागला, हे सांगितल्याविना हिंदू धर्माचा पाठ पुरा होत नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचं दार बंद का होतं, आणि १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरच्या देवळासाठी साने गुरुजींना उपोषण का करावं लागलं, हेही त्यातच येतं. बायकांना कुठे मज्जाव आहे, कोणी कोणाच्या पुस्तकाला आणि कोणाच्या माणसाला छळलं, हे प्रत्येक धर्माविषयी वयाला झेपेल तसं सांगावं लागेल. हे सांगताना वर्गातल्या एकाही मुलाला आपण आरोपी आहोत असं वाटता कामा नये. यालाच मी कसब म्हणते, आणि कसब सरावाने येतं, परिपत्रकाने येत नाही.

दुसरी भीती राजकारणाची. सरकार बदललं की पुस्तक बदलतं, मग हा विषय हातात देणं धोक्याचं नाही का? धोका आहेच. पण शाळा गप्प बसली म्हणून मुलं अजाण राहत नाहीत. ती मोबाईलवरून शिकतात, मिरवणुकीतून शिकतात, आणि तिथे ‘मानतात’ हे क्रियापद कोणी वापरत नाही. म्हणूनच पुस्तकावर एकाच हाताची सत्ता नको आणि टेबलाभोवती चारही बाजूंनी माणसं हवीत.

या सभागृहात मुख्याध्यापक आहेत, संस्थाचालक आहेत, केंद्रप्रमुखही दिसत आहेत. केंद्र पातळीवरच्या शिक्षण परिषदांपैकी वर्षातली एक या विषयाला द्या. आपल्या गावातल्या प्रत्येक प्रार्थनास्थळाशी निगडित एका माणसाला, आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या एखाद्या विवेकी माणसालाही, शिक्षकांसमोर बसवा. शिक्षकांना प्रश्न विचारू द्या, अगदी वेडेवाकडे सुद्धा, कारण ते तिथे विचारले नाहीत तर अज्ञान वर्गात बाहेर पडतं, माझं पडलं तसं. अध्यापक विद्यालयांनी पाठ टाचणाच्या सरावात असे दोन पाठ घालावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि पालकांना हात जोडून एक विनंती. माझ्या ओळखीचे चांगले शिक्षक हा विषय टाळतात ते कंटाळ्यामुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी कोण फाटकापाशी येऊन उभं राहील या धास्तीने टाळतात. तुमचं मूल घरी येऊन म्हणेल, “आज बाईंनी त्यांच्या देवाबद्दल शिकवलं.” तेव्हा तक्रार लिहिण्याआधी बाईंची परवानगी घेऊन एक तास वर्गात मागच्या बाकावर येऊन बसा.